हितवर्धक फुटबॉल क्लबचे खजिनदार

गोलकीपर स्टाफमध्ये धरायचा की लेबरमध्ये, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी म्हटलं, काका, तो खेळाडू असतो. त्यावर ते म्हणाले, "खेळाडू असू दे रे, पण एका जागी उभा राहतो ना? बाकीचे धावतात. धावतो तो लेबर, उभा राहतो तो स्टाफ. पगार वेगळ्या शीर्षकाखाली पडेल." मी हे लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. दोन दिवस लोक हसत होते. त्यांच्यावरच्या हसण्याची सुरुवात माझ्यापासून झाली हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी ज्यांच्यावर चिडणार आहे, त्यांच्यात पहिला मीच आहे.

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला. बत्तीस घरं, चार मजले, इमारत माझ्या लग्नाइतकी जुनी. लॉकडाऊनमध्ये सगळे घरात कोंडलेले असताना कोणीतरी मोबाईलवरचा एक फुटबॉलचा खेळ काढला. त्यात पायाने काही खेळायचं नसतं. तुम्हाला एक क्लब मिळतो. खेळाडू विकत घ्यायचे, त्यांना पगार द्यायचे, स्टेडियम वाढवायचं, तिकिटांचे दर ठरवायचे. दर रविवारी सकाळी दहाला मॅच होते, तीही संगणकच खेळतो. आमच्या बिल्डिंगमध्ये नऊ क्लब झाले. प्रत्येक क्लबला दोन माणसं लागत: एक संघ निवडणारा आणि एक पैसे सांभाळणारा. मी कमी बोलणारा माणूस, कोणी जोडीला घेईना. आणि त्यांना तर कोणी विचारलंच नव्हतं. अशी आमची जोडी जमली. इतर क्लबांची नावं टायगर्स, किंग्स, वॉरियर्स अशी होती. आमच्या क्लबचं नाव त्यांनी 'मुलुंड पूर्व हितवर्धक फुटबॉल क्लब' असं ठेवलं. खेळाच्या खात्यात इतकी अक्षरं मावत नव्हती, तेव्हा 'पूर्व' काढावं लागलं. त्याचं त्यांना वाईट वाटलं.

ते मूळचे मालवणकडचे. भांडुपच्या एका औषधाच्या कारखान्यात तीस-बत्तीस वर्षं स्टोअरकीपर होते. निवृत्त झाल्यावर सोसायटीचे खजिनदार झाले आणि सलग अकरा वर्षं राहिले. फुटबॉलची एकही मॅच त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. रविवारी दहा वाजता मी फोनकडे डोळे लावून बसायचो, तेव्हा ते पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे. मॅच संपली की विचारायचे, "प्रेक्षक किती आले?" निकाल विचारायचे नाहीत.

प्रत्येक खेळाडूचं त्यांनी एक बिन कार्ड केलं होतं. बिन कार्ड म्हणजे स्टोअरमध्ये प्रत्येक खणाला अडकवलेला पुठ्ठा. माल कधी आला, किती आला, किती गेला, शिल्लक काय, ते त्यावर लिहितात. आमच्या लेफ्ट बॅकच्या कार्डावर आल्याची तारीख, किंमत, खेळलेल्या मॅचेस आणि शेवटच्या रकान्यात 'शिल्लक' म्हणून त्याच्या कारकिर्दीची उरलेली वर्षं, असं सगळं निळ्या शाईत होतं. आणि स्टोअरचा नियम त्यांनी क्लबला लावला: पहिला आलेला माल पहिला बाहेर. खेळाडू कसा खेळतो याला महत्त्व नाही. जो आधी आला तो आधी विकायचा. या नियमापायी त्यांनी आमचा सगळ्यात चांगला मिडफिल्डर विकला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तेच आले आणि म्हणाले, "अरे, माल खराब व्हायच्या आधी काढायचा असतो. खराब झाल्यावर कोण घेतो?" चार महिन्यांनी तो मिडफिल्डर ज्या क्लबने घेतला होता तिथे त्याचं वय झालं आणि किंमत निम्म्यावर आली. मी हे त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, आनंद झाला असता त्यांना.

खेळाडू विकत घ्यायचा तर तीन कोटेशन्स आणा म्हणायचे. मी समजावलं की काका, इथे लिलाव असतो, पंधरा मिनिटांत संपतो. ते चष्मा काढून म्हणाले, "मग ही घाई कोणाच्या फायद्याची?"

मोठ्या मॅचला सगळे क्लब तिकिटं महाग करायचे. आम्ही नाही. का, तर हरतो तेव्हाही हीच माणसं येतात. मी म्हटलं, अहो माणसं कुठली, आकडे आहेत ते. म्हणाले, "आकडे असले तरी खुर्चीवर बसलेत ना?" आमच्या गोलकीपरचा गुडघा गेला. खेळाच्या हिशेबाने त्याला काढून टाकणं शहाणपणाचं होतं, सगळे तसंच करत. यांनी त्याला शेवटपर्यंत पगारावर ठेवला आणि कार्डावर लिहिलं, 'हलके काम'. कारखान्यात कोणाला लागलं तर त्याला गेटपास लिहायला बसवायचे, तसं. दर सहा महिन्यांनी सोसायटीच्या ऑफिसात क्लबची सभा घ्यायचे. आम्ही दोघंच. मी दारातून आत आलो की "गणपूर्ती झाली" म्हणायचे आणि मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवायचे, मला, ज्याने ती सभा ऐकली होती. मग काकूंनी दिलेला थर्मास उघडायचा.

आणि सिंकिंग फंड. सोसायटीत राहणाऱ्याला हे सांगायला नको. इमारत म्हातारी झाली की दुरुस्तीला लागतील म्हणून दर महिन्याला बाजूला काढायचे, आणि एरवी हात लावायचा नाही, ते पैसे. त्यांनी क्लबचाही सिंकिंग फंड काढला. खेळात एक राखीव खातं असतं, त्याला वेगळा पासवर्ड, आणि तो फक्त पैसे सांभाळणाऱ्याकडे. दर आठवड्याच्या उत्पन्नातला दहावा हिस्सा त्यात जायचा. दीड वर्षात आमच्याकडे नऊ क्लबांत सगळ्यात मोठी गंगाजळी होती, आणि आमचा नंबर होता सातवा. कोणी चिडवलं की ते म्हणायचे, "पैसो खर्चूक अक्कल लागणा नाय रे, ठेवूक लागता."

चिडवणाऱ्यांत पुढे असायचे अध्यक्ष. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, आणि किंग्स क्लबचे मालकही. त्यांनी आपल्या क्लबसाठी खरे पैसे भरून खेळातली नाणी विकत घेतली होती, क्रेडिट कार्डावर. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी काही बोलत नव्हतं, कारण पार्टी तेच द्यायचे. त्याच सुमाराला खऱ्या सोसायटीतही त्यांचं एक काम अडलं होतं. त्यांना खालच्या प्रवेशद्वारात ग्रॅनाइट, फॉल्स सीलिंग आणि भिंतीवरून वाहणारं पाणी हवं होतं, आणि पैसे हवे होते सिंकिंग फंडातून. चेकवर दोन सह्या लागतात. खजिनदार सही करीनात. ते म्हणायचे, बीम बघा, पिलर बघा, मग पाणी वाहवा. अध्यक्ष हसत हसत म्हणायचे, काकांना पैसा कापराच्या वडीसारखा वाटतो, डबी उघडली की उडून जाईल. लोक हसायचे.

आता माझं.

दुसऱ्या वर्षी आम्ही कसेबसे कपच्या अंतिम सामन्यात पोचलो. समोर किंग्स. त्याच पंधरवड्यात काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, आणि डॉक्टरने स्क्रीनकडे बघायला सक्त मनाई केली. जाण्याआधी त्यांनी माझ्याकडे एक खाकी पाकीट दिलं. स्टोअरमध्ये अशी पद्धत असते. स्टोअरची दुसरी किल्ली पाकिटात बंद करून, जिथे पाकीट चिकटवलं तिथे आडवी सही करून गेटवर ठेवायची. आग लागली, पूर आला, तर फोडायचं. पण फोडलं की कोणी, कधी, कशासाठी, ते रजिस्टरमध्ये लिहायचं. किल्लीच्या जागी यांनी पासवर्डची चिठ्ठी ठेवली होती. मला म्हणाले, "मी मेलो बिलो तर फोड. लिहून फोड."

शनिवारी जिन्यात अध्यक्ष भेटले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय रे, उद्या अकरा माणसं तरी उतरवणार ना? की म्हातारा त्यांनाही फंडात ठेवतोय?" वर आलो, कपाटातून पाकीट काढलं, पातेल्यात पाणी ठेवलं आणि पाकीट वाफेवर धरलं.

या क्षणाबद्दल मी स्वतःला दोन-अडीच वर्षं वेगवेगळ्या गोष्टी सांगत आलो. की नुसतं बघायचं होतं. की रागाच्या भरात झालं. खोटं आहे सगळं. रागाच्या भरात माणूस पाकीट फाडतो, पातेलं चढवत नाही. पाकीट पुन्हा चिकटवायचं हे मी गॅस पेटवायच्या आधीच ठरवलं होतं. बायको स्वयंपाकघरात आली, तिने विचारलं नुसतं पाणी काय उकळतोयस. म्हटलं, सर्दी झालीय, वाफ घेतोय. तिने जाता जाता मूठभर ओवा टाकला त्यात. पाकीट मी पाठीमागे धरलं होतं.

राखीव खात्यातला सगळा फंड मी मोकळा केला आणि एक चौतीस वर्षांचा स्ट्रायकर घेतला. त्याचा आठवड्याचा पगार आमच्या उरलेल्या सगळ्या संघाच्या पगाराएवढा होता. रविवारी त्याने दोन गोल केले. आम्ही कप जिंकलो. ग्रुपवर माझं अभिनंदन झालं, आयुष्यात पहिल्यांदा पंचवीस माणसांनी माझ्या नावापुढे टाळ्या टाकल्या. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

पाकीट मी डिंकाने असं चिकटवलं होतं की सहीची रेघ रेघेला लागली होती. काका डोळ्यांवर काळा चष्मा लावून परत आले, तेव्हा मी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सहीवरून अंगठा फिरवला, पाकीट नाकाशी नेलं. म्हणाले, "ओव्याचा वास येतोय रे." मी म्हटलं, कपाटात डबा असतो. "शाबास," म्हणाले, आणि पिशवीत ठेवलं. मग चार दिवसांनी स्क्रीन बघायची परवानगी मिळाली आणि ते माझ्याकडे आले. फंड शून्य आहे, म्हणाले. मी म्हटलं, "मला वाटलं तुम्हीच मोकळा केलात. खात्यात पैसे दिसले, म्हणून तर मी खेळाडू घेतला."

"मी?" त्यांनी विचारलं.

"नोंद तुमच्याच नावाने आहे ना, काका."

होतीच. पासवर्ड त्यांचा, म्हणजे नोंदही त्यांची. ते फोन हातात धरून बसले. ऑपरेशननंतर झोपेच्या गोळ्या होत्या, फोन उशाशी होता, एकदा मेसेज ऐकायला हातात घेतलाही होता, असं पुटपुटत हिशेब लावत होते. मी समोर बसून तो हिशेब जुळताना बघत होतो. एका शब्दाने तो मोडता आला असता.

स्ट्रायकरचा पगार आम्हाला झेपणार नव्हताच. त्याला विकायला काढलं, चौतीस वर्षांचा, कोण घेणार? काकांनी तिकिटं, जाहिराती, सगळं करून पाहिलं. खेळाचा नियम असा की सलग तीन आठवडे खातं उणे राहिलं की क्लब विसर्जित. चौथ्या सोमवारी सगळ्यांच्या फोनवर सूचना आली की हितवर्धक क्लब आर्थिक गैरव्यवस्थापनामुळे बंद करण्यात आला आहे, आणि खाली पैसे सांभाळणाऱ्याचं नाव. अध्यक्षांनी त्या सूचनेचा फोटो काढला. नुसता काढला नाही, रंगीत छापून घेतला.

त्या वर्षीची वार्षिक सभा गच्चीवर होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, वेफर्सच्या पुड्या. हिशेब वाचून झाले, मग अध्यक्ष उठले आणि तो छापलेला कागद त्यांनी वर धरला. म्हणाले, "मी काही आरोप करत नाही. पण मोबाईलमधला फुकटचा क्लब ज्यांच्या हातून बुडाला, त्यांच्या हातात आपण बत्तीस घरांची पुंजी ठेवलीय. वय कोणाला चुकलंय? आपण काकांना आता आराम देऊ या." लोक हसले. हे मला आजही सहन होत नाही. दुष्टपणे कोणीच हसलं नव्हतं. चेहऱ्यावर प्रेम ठेवून हसले. घरातल्या म्हाताऱ्याच्या धोतराचा सोगा सुटला की हसतात ना, तसे. या माणसाने अकरा वर्षं यांच्या पाण्याच्या टाकीपासून लिफ्टच्या दोरापर्यंत प्रत्येक पैशाचं व्हाउचर ठेवलं होतं. एकालाही म्हणावंसं वाटलं नाही की अहो, खेळ कुठला आणि सोसायटी कुठली. उलट पहिल्या मजल्यावरचे एक वकील म्हणाले, स्वभाव एकच असतो.

कोणीतरी विचारलं, काका, पण पैसे खरंच तुम्हीच काढले का? ते उठले. मला वाटलं, आता ते माझ्याकडे बघतील. त्यांनी पिशवीतून ते खाकी पाकीट काढलं, उजेडाकडे धरलं, उलटंपालटं करून पुन्हा एकदा तपासलं आणि सभेला दाखवलं.

"सील शाबूत आहे," ते म्हणाले. "तेव्हा मीच काढले असणार. मला आठवत नाही. पण सील शाबूत आहे."

आणि खाली बसले.

बत्तीस वर्षं त्यांच्या धंद्याचा एकच विश्वास होता. माणूस खोटं बोलेल, स्मरण दगा देईल, पण सील खोटं बोलत नाही. सीलच्या आणि आपल्या डोक्याच्या भांडणात त्यांनी सीलचं ऐकलं. दुसरा कोणीही असता तर माझी गचांडी धरली असती. त्यांच्या मनातही आलं नाही.

ठराव आवाजी झाला नाही, हात वर करून झाला. आजूबाजूला हात वर जायला लागले. माझ्या शेजारी बसलेल्या बायकोचा गेला. मीही केला. न करता बसलो असतो तर कोणीतरी विचारलं असतं, तू का नाही, आणि त्या प्रश्नाला मी घाबरलो. पुढच्या रांगेत त्यांनी मान वळवून हात मोजले. खजिनदार होते ना. मोजले आणि अध्यक्षांना आकडा सांगितला, "सव्वीस." माझा धरून.

नंतरचं थोडक्यात सांगतो. ग्रॅनाइट बसलं. भिंतीवरून पाणी वाहिलं, चार महिने, मग पंप जळला. मागच्या वर्षी दुसऱ्या जिन्याखालचा स्लॅब पडला, इंजिनिअर आला, बीमच्या सळ्या उघड्या पडल्यात म्हणाला, आणि आता प्रत्येक घराला काही लाख भरायचेत. अध्यक्ष म्हणतात, कोणाला ठाऊक होतं? अरे, एका माणसाला ठाऊक होतं, त्याला तुम्ही टाळ्या वाजवून घरी पाठवलात. शाल पण दिलीत.

त्या सभेनंतर ते मला रोज भेटायचे. तसेच बोलायचे, रागबिग काही नाही. मात्र दाराला कुलूप लावलं की तीन-तीनदा ओढून बघायचे. जिना उतरून पुन्हा वर जायचे. शर्टाच्या खिशात चिठ्ठ्या असायच्या, 'गॅस बंद केला, ७.१०, सही', 'गोळी घेतली, ८.३०, सही'. मी बघायचो आणि मनात म्हणायचो, वय झालं बिचाऱ्याचं. मी असं म्हणायचो. मी, ज्याला सगळं माहीत होतं.

या वर्षी ते गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. सोसायटीने खाली, त्याच ग्रॅनाइटसमोर, शोकसभा घेतली. अध्यक्ष म्हणाले की असा निःस्पृह खजिनदार होणे नाही. माझा संताप मस्तकात गेला, आणि तिथेच तो थांबला, कारण पुढे जायला त्याला वाट नव्हती. त्या माणसाचं तोंड धरायचं तर आधी माझं उघडायला लागणार होतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेलो.

काकू तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. पातेलं, वाफ, डिंक, हात. त्यांनी ताट बाजूला ठेवलं. मला वाटलं होतं त्या रडतील किंवा मला बाहेर काढतील. त्या विचारत बसल्या. कुठल्या दिवशी? सकाळी की संध्याकाळी? पाकीट कशाने चिकटवलंस?

"त्या सभेनंतर एका रात्री हे उठून बसले," त्या म्हणाल्या. "मला विचारलं, 'मिया काढलंय काय गो ते पैशे?' मी म्हटलं, काढले असतील, तुम्हाला आठवत नाही. मी म्हटलं तसं. मग जावयाने डॉक्टर शोधला, मेंदूचा. त्याने चित्रं दाखवली, स्मरण तपासायला कागदावर घड्याळ काढायला लावलं यांना. घड्याळ बरोबर काढलं. तरी हे म्हणाले, आज बरोबर आलं असेल, उद्याचा भरवसा नाही. बँकेचं पासबुक स्वतः होऊन जावयाला दिलं. मी दुधाचे पैसे पण हातात देत नव्हते रे त्यांच्या. विसरतील म्हणून. दोन वर्षं."

मी म्हटलं, काकू, माझं चुकलं.

"ता माका कळला," त्या म्हणाल्या. "पण माका सांगून काय उपयोग? हात मी वर केलंय काय?"

त्यांनी फोन उचलून जावयाला लावला, स्पीकरवर ठेवला आणि मला म्हणाल्या, सांग. मी सांगितलं. मग मुलीला लावला. पुन्हा पहिल्यापासून. मुलीने शेवटपर्यंत ऐकलं आणि फोन ठेवला. काकूंनी पायात चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, "चल. तळमजल्यापासून घेऊ."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एकेक दार घेतलं. बेल काकू वाजवायच्या, सांगायचो मी, त्या शेजारी उभ्या राहून ऐकायच्या. मी काही गाळलं तर आठवण करून द्यायच्या, "वाफेचं सांग." कोणी आत बोलावलं, त्या गेल्या नाहीत. वकिलांनी सांगितलं की कायद्याने यात काही निघत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी ऐकून म्हणाल्या, मी पण हात वर केला होता हो, आणि दारातच खाली बसल्या. अध्यक्षांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अहो काकू, गेममधली गोष्ट, काय मनाला लावून घेता? काका आता आहेत का ऐकायला?"

काकू म्हणाल्या, "तुमी आसात मां? तुमीच ऐका." आणि मला म्हणाल्या, "परत सांग ह्यांना. हळू सांग." मी परत सांगितलं. अध्यक्षांना दार लावता येईना, कारण काकू उंबऱ्यावर उभ्या होत्या.

त्या सभेला हात वर केलेल्यांतली तीन घरं विकून गेली आहेत. एक ठाण्याला, एक विरारला, एकाचा पत्ता कोणालाच माहीत नाही. त्यांच्यापर्यंत पायी जाता येत नाही म्हणून हे लिहिलं. कोणाला ते भेटले तर वाचायला द्यावं.

शेवटचं दार आमचं राहिलं होतं. बायको दोन दिवस बहिणीकडे होती, त्या सकाळीच आली होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. किल्ली माझ्या खिशात होती, मी ती काढायला हात घातला. काकूंनी बेल वाजवली. आतून बायकोचा आवाज आला, आले आले, आणि तिने ओल्या हाताने दार उघडलं, मला आणि काकूंना एकत्र पाहून हसली, म्हणाली, अरे, बाहेर काय उभे, या ना.

"थांब गं जरा," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"हिलाही पहिल्यापासून सांग."